दुसऱ्या खुर्चीची जबाबदारी

ग्वाल्हेर हे शहर मराठी माणसाला परके नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास जेथे स्थिरावली ते लष्कर, इंग्रजांच्या ताब्यातून १८८६ साली किल्ल्यासह शिंद्यांकडे परत आलेले मुरार आणि किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर अशा तीन वस्त्यांचे मिळून हे शहर बनले आहे. या शहराच्या मुरारकडील अंगाला थाटीपूर नावाचा भाग आहे. सरकारी नोकरांच्या निवासस्थानांमुळे तो शहरात ओळखला जाई. ही जुनी घरे पाडून त्यांच्या जागी दाट वस्तीची बहुमजली संकुले उभारण्याची योजना मध्य प्रदेशच्या गृहनिर्माण मंडळाने हाती घेतली. तिच्या गुणदोषांची चर्चा हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. अशा योजनांतून सरकारी घरांबरोबर विक्रीचे बांधकामही होत असते आणि त्यातून एक नवाच नागरिक जन्माला येतो, याकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

सरकारी घरात राहणाऱ्याचे छप्पर गळू लागले की तो सार्वजनिक बांधकाम खात्याकडे अर्ज टाकतो. दुरुस्ती लवकर होते की उशिरा हा भाग निराळा. पण दाद कोठे मागावयाची हे त्याला ठाऊक असते. तेच कुटुंब उद्या साठ सदनिकांच्या इमारतीत मालक म्हणून राहावयास गेले की गच्ची साठ जणांची, पाण्याची टाकी साठ जणांची आणि गळतीही साठ जणांची होते. मालक सगळेच, म्हणून जबाबदार कोणीच नाही, अशी अवस्था येऊ नये यासाठी समिती निवडावी लागते. समिती आली की अध्यक्ष आला, सचिव आला, खजिनदार आला. आणि बहुधा सर्वांच्या मागे, छायाचित्रापुरता, उपाध्यक्ष आला. थाटीपुरात जे घडू घातले आहे ते पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा आणि वास्को येथे केव्हाच घडून गेले आहे. म्हणून या चौथ्या गृहस्थाचा विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

उपाध्यक्षाची निवड कशी होते हे ज्यांनी एखादी वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना सांगणे न लगे. अध्यक्षपदासाठी दोन गट हमरीतुमरीवर येतात. एक जिंकतो, दुसरा रुसतो. मग सभेतील एखादे वडीलधारे गृहस्थ तोडगा सुचवतात की रुसलेल्यांच्या म्होरक्यास उपाध्यक्ष करावे. टाळ्या पडतात, चहा येतो आणि पुढील निवडणुकीपर्यंत त्या पदाचे नाव कोणी काढीत नाही. कोठे हे पद इमारतीतील सर्वांत वृद्ध सदस्यास मानाखातर दिले जाते, तर कोठे महिलांनाही स्थान दिले असे दाखविण्यासाठी एखाद्या गृहिणीच्या माथी मारले जाते. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान असते. त्या व्यक्तीने करावयाचे काम कोणते, हे कोणी ठरवीत नाही.

मान राखण्यासाठी ‘उप’ पदे निर्माण करण्याची चाल आपल्याकडे काही नवी नाही. ग्वाल्हेरचेच उदाहरण घ्या. १९४८ साली मध्य भारताचा संघ स्थापन झाला तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन मोठ्या मराठी संस्थानांपैकी थोरले कोण, हा नाजूक प्रश्न उभा राहिला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. आणि हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला अशी वाटणी झाली. विलीनीकरणाच्या त्या घाईच्या दिवसांत ही तडजोड शहाणपणाची होती यात शंका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला आणि त्या तडजोडीचे प्रयोजनही संपले. परंतु दोन राजघराण्यांचा मान सांभाळणे आणि साठ कुटुंबांचा पाणीपुरवठा सांभाळणे ही कामे एका जातीची नव्हेत. मानाच्या वाटणीने सभा शांत होईल. पंप चालू होणार नाही.

दुसऱ्या खुर्चीची किंमत कळते ती पहिली खुर्ची रिकामी झाल्यावर. अध्यक्ष हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होतात, मुलाकडे सहा महिन्यांसाठी परदेशी जातात किंवा एखाद्या रात्री अकस्मात कालवश होतात. बँकेत सह्यांचे नमुने त्यांचे असतात. उद्वाहनाच्या देखभालीचा करार कोणाशी झाला, त्याची मुदत केव्हा संपते, हे त्यांनाच ठाऊक असते. मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, जमिनीच्या अभिहस्तांतरणाचे कागद त्यांच्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली दुःखात बुडालेल्या घरात कोणाला सापडत नाही. बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून दिलेली नसेल तर त्याच्याशी चाललेल्या पत्रव्यवहाराचे सूत्र तुटते. भिंतींना तडे गेलेल्या जुन्या इमारतीत तर या खंडाची किंमत रहिवाशांच्या जिवाशी येऊन भिडते. ‘अध्यक्षांना सारे ठाऊक आहे’ हे वाक्य कौतुक म्हणून बोलले जाते. वस्तुतः तो धोक्याचा इशारा असतो.

कायदा याबाबतीत काय म्हणतो तेही पाहणे उद्बोधक ठरेल. महाराष्ट्राच्या १९७० च्या सदनिका मालकी कायद्याने मालकांच्या संघटनेच्या उपविधींत कोणत्या तरतुदी असाव्यात याची यादी दिली आहे. सभा चालविणारा अध्यक्ष, सभेचे वृत्तांत ठेवणारा सचिव आणि हिशेब ठेवणारा खजिनदार हे तिघे त्या यादीत आहेत, उपाध्यक्ष नाही. त्याच कायद्याखालील नियमांबरोबर जे नमुना उपविधी आले त्यांत मात्र उपाध्यक्ष अवतरतो आणि त्याचे काम मोजक्या शब्दांत सांगितले जाते. अध्यक्ष अनुपस्थित असेल वा काम करण्यास असमर्थ असेल तेव्हा त्याची जागा घ्यावी, तसेच मंडळ वेळोवेळी सोपवील ती कामे करावीत. दोघेही असमर्थ असतील तर मंडळाने आपल्यापैकी एकास तात्पुरते नेमावे, असेही तेथे म्हटले आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींतही सारा भर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघांवर आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थेच्या ‘पदाधिकारी’ या शब्दाच्या व्याख्येत उपाध्यक्षाचा नामनिर्देश केला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२१ च्या निर्णयानंतर तो भाग एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांपुरताच उरला आहे.

या साऱ्याचा अर्थ असा की कायदा उपाध्यक्षाला नाकारीत नाही, पण त्याला कामही नेमून देत नाही. ‘मंडळ वेळोवेळी सोपवील ती कामे’ हे शब्द म्हणजे कोरा धनादेश आहे. आमच्या बहुसंख्य संस्थांनी तो धनादेश कधी वटविलाच नाही. राज्य कोणतेही असो, कायदा चौकट देतो आणि तपशील उपविधींवर व समितीच्या ठरावांवर सोडतो. म्हणजे दोष कायद्याच्या माथी मारून सदस्यांना हात झटकता येणार नाहीत.

देशाच्या कारभाराकडे पाहिले तर दुसऱ्या खुर्चीचा विचार किती गंभीरपणे करावा लागतो ते दिसेल. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याच दिवशी कार्यभार घेतला आणि राज्यकारभार क्षणभरही अडला नाही. परंतु खुद्द गिरी यांनीही पद सोडले तर काय, या प्रश्नाचे उत्तर घटनेने संसदेवर सोपविले होते. संसदेने त्याच मे महिन्यात कायदा करून ती जागा भरली. जुलैमध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी गिरींनी राजीनामा दिला तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतींचे काम पाहिले. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी सुमारे साडेपाच महिने तीच धुरा वाहिली. त्या काळात केंद्रातील सत्तापालटही त्यांच्याच कारकीर्दीत पार पडला. देशाने तिसऱ्या खुर्चीचाही विचार करून ठेवला. शंभर सदनिकांच्या संस्थेला दुसरीचा विचार करण्यास सवड होत नाही, हे नवल नव्हे काय?

येथे आणखी एक बारकावा आहे आणि त्यावरून संस्थांत पुष्कळदा वाद पेटतो. अध्यक्षाची जागा कायमची रिकामी झाली तर उपाध्यक्ष अध्यक्ष ‘होतो’ की केवळ त्याचे काम ‘पाहतो’? अमेरिकेत १८४१ साली राष्ट्राध्यक्ष हॅरिसन निवर्तले तेव्हा हाच प्रश्न उपाध्यक्ष जॉन टायलर यांच्यापुढे आला. आपण पूर्ण अधिकाराचे अध्यक्ष झालो आहोत, असा आग्रह त्यांनी धरला व तो प्रघात पडला. पण ती गोष्ट तेथील घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिली जाण्यास १९६७ ची पंचविसावी दुरुस्ती यावी लागली. आपल्या घटनाकारांनी हा घोळ ठेवला नाही. आपल्याकडे उपराष्ट्रपती केवळ कार्यभार पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक व्हावी लागते. गृहसंस्थेने यांपैकी कोणती वाट धरावी हा तिचा प्रश्न आहे; मात्र ती वाट आधी कागदावर यावयास हवी. अध्यक्षांची चिता विझण्यापूर्वी त्यांच्या खुर्चीवरून जिन्यात भांडणे व्हावीत, याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

आम्हा गोमंतकीयांना तर हे शहाणपण कोणाकडून उसने आणण्याचे कारण नाही. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली देवस्थानांसाठी जे विनियम झाले त्यांनुसार महाजन दर तीन वर्षांनी आपल्या देवस्थानची कमिटी निवडतात. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार यांसारखे पदाधिकारी निवडताना त्यांचे बदली पदाधिकारीही त्याच वेळी निवडले जातात. त्यामागील विचार सरळ आहे. देवाची पूजा, पालखी, जत्रा आणि देवळाच्या मिळकतीचे दावे कोणा एकाच्या आजारपणासाठी थांबत नाहीत. गावकारीच्या व्यवस्थापनातही बदली पदाधिकाऱ्यांची हीच पद्धत रूढ आहे. जो महाजन आपल्या देवळात बदली मुखत्यार कोण आहे हे अचूक सांगतो, त्याला आपल्या इमारतीचा उपाध्यक्ष कोण हे सांगता येत नाही. देऊळ आपले आणि इमारत परकी, ही भावना त्यामागे असावी, असे आम्हास वाटते. ज्या छपराखाली मुलेबाळे झोपतात ते छप्परही आपलेच असते.

मग उपाध्यक्षाने नेमके करावे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे त्याने शिकावे. प्रत्येक सभेची विषयपत्रिका अध्यक्षांनी त्याच्याशी बोलून ठरवावी. संस्थेचे मूळ कागद कोठे आहेत, कोणता खटला कोणत्या टप्प्यावर आहे, कोणता करार केव्हा संपतो, हे त्याला अध्यक्षांइतकेच ठाऊक असावे. यासाठी वर्षातून दोनदा कपाट उघडून, यादी हाती घेऊन, दोघांनी मिळून कागद तपासले तर एका दुपारचे काम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्याकडे एखादे ठरावीक खाते असावे आणि ते सभेच्या वृत्तांतात लिहिलेले असावे. सदस्यांच्या तक्रारी, इमारतीची दुरुस्ती किंवा पाणी आणि स्वच्छता यांपैकी कोणतेही चालेल. मात्र ज्या कामाची देयके त्याने तपासावयाची ते काम देण्याचा अधिकार त्याच्याच हाती नसावा. नाहीतर कुंपणच शेत खाऊ लागेल.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ज्या विषयात अध्यक्षांचा स्वतःचा संबंध आहे, तो विषय निघाला की अध्यक्षस्थान उपाध्यक्षाने घ्यावे. अध्यक्षांनी आपल्या बाल्कनीला परवानगीवाचून भिंत घातली असेल, त्यांच्या भाच्याला रंगकामाचा ठेका हवा असेल किंवा त्यांच्याच वागणुकीविषयी तक्रार असेल, तर न्याय त्यांनी करावा हे योग्य नव्हे. राज्यसभेचे अध्यक्षस्थान भूषविणारे उपराष्ट्रपती आपल्याच पदच्युतीचा ठराव विचारात असता त्या आसनावर बसत नाहीत, हा नियम घटनेच्या ९२ व्या अनुच्छेदात आहे. राज्यसभेला जे भूषणावह आहे ते गृहसंस्थेच्या गच्चीवरील सभेला कमीपणाचे का वाटावे? उलट अशा वेळी खुर्ची सोडणाऱ्या अध्यक्षाची प्रतिष्ठा वाढते आणि सभेतील निम्मा संशय तेथेच विरतो.

या पदाला मर्यादाही आहेत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अध्यक्ष हजर असता उपाध्यक्षाने समांतर कारभार थाटू नये. पहारेकऱ्याला एकाने एक सांगावे आणि दुसऱ्याने दुसरे, यात पहारेकऱ्याचे फावते आणि चोराचेही. समितीत मतभेद खुशाल मांडावेत, ते वृत्तांतात नोंदवून घ्यावेत; परंतु ठराव झाल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून त्याचीच खिल्ली उडवू नये. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत सभा चालविताना विषयपत्रिकेबाहेरचा वादग्रस्त ठराव घाईने पदरात पाडून घेऊ नये. आणि परत आलेल्या अध्यक्षांनीही, आपल्या गैरहजेरीत रीतसर झालेला निर्णय केवळ आपण नव्हतो म्हणून फिरवू नये. बदलीचे अधिकार दोघांनीही मानले तरच ते अधिकार राहतात.

आमचे काही वाचक म्हणतील की हा सारा उपदेश ठीक आहे, पण लोकांना वेळ कोठे आहे? समितीवर यावयास माणूस मिळत नाही. मिळाला तर तो निवृत्त असतो आणि त्याच्यावर सारा भार टाकून बाकीचे मोकळे होतात. किनारपट्टीवरील इमारतींत तर कित्येक सदनिकांचे मालक आखातात किंवा मुंबईत असतात व घराला वर्षातून पंधरा दिवस दिवा लागतो. अडचण खरी आहे. परंतु म्हणूनच उपाध्यक्षपदाचा नीट उपयोग करावयास हवा. नोकरी करणारा तरुण सारा भार एकदम उचलणार नाही. एक खाते आणि शिकण्याची संधी एवढे दिले तर तो येईल. पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणता नळ रात्रभर ठिबकतो, हे इमारतीतील स्त्रियांना जितके ठाऊक असते तितके अध्यक्षांना नसते. त्यांपैकी एखादीस उपाध्यक्ष करावयाचे तर दीप प्रज्वलनासाठी न करता कागदपत्रांसह आणि सहीच्या अधिकारासह करावे. दोन वर्षांत ती समर्थपणे अध्यक्षस्थानी बसेल आणि मग ‘दुसरा माणूस मिळत नाही’ या रडगाण्याला जागा उरणार नाही.

सहकारी घरबांधणीची परंपरा किनाऱ्यावरील लोकांना उपरी नाही. कानडा किनाऱ्यावरून मुंबईस गेलेल्या सारस्वतांसाठी श्रीपाद सुब्राव तलमकी यांनी १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. देशातील आरंभीच्या गृहसंस्थांत तिची गणना होते. त्यापूर्वी १९०६ साली त्यांनी आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल सहकारी बँक स्थापन केली होती. दोन्ही संस्थांनी शतक ओलांडले. एवढे दीर्घ आयुष्य कोणत्याही एका माणसाच्या कर्तृत्वाला लाभत नाही. संस्थापक कितीही थोर असो, त्याच्या हातचे काम वेळेवर दुसऱ्याच्या हाती गेले तरच संस्था टिकते. आणि ते घेणारा हात आधीपासून तयार ठेवावा लागतो.

येत्या वार्षिक सभांत सदस्यांनी आपल्या समितीस तीनच प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. आपला उपाध्यक्ष कोण? त्याच्याकडे कोणते काम लेखी सोपविले आहे? आणि अध्यक्ष उद्या नसले तर कपाटाची किल्ली कोणाकडे असेल? या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर ती संस्था सुरक्षित हाती आहे असे खुशाल समजावे. न मिळाली, तर ती मिळेपर्यंत सभा उठू देऊ नये. थाटीपुरातील नव्या मालकांना हा धडा आरंभीच गिरविण्याची संधी आहे. आमच्या संस्थांना तो उशिरा का होईना, गिरविलाच पाहिजे.